पवित्र गुरुवारची शाई

२०१९ साली लोकसभा निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर झाले, तेव्हा आम्हा मराठवाड्यातील धर्मगुरूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्याकडील मतदान दुसऱ्या टप्प्यात, १८ एप्रिल रोजी व्हायचे होते, आणि १८ एप्रिल हा त्या वर्षीचा पवित्र गुरुवार होता. सायंकाळच्या उपासनेत बारा जणांचे पाय धुवायचे, रात्री जागरण करायचे, दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवारचा उपवास. त्यात मतदानाची रांग आणि एप्रिलचे ऊन. आमच्या काही बांधवांनी नाराजीही व्यक्त केली. मला मात्र त्या योगायोगाचे मनातून अप्रूप वाटले होते. शब्द देणे आणि दिलेला शब्द मोडणे ह्या दोन्ही गोष्टी ज्या रात्री एकाच ताटाभोवती घडल्या, तिची आठवण करण्याच्या दिवशीच आपण आपले मत कुणाच्या तरी हवाली करणार होतो.

माझी नेमणूक तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला होती. वसईच्या केळीच्या बागांत वाढलेल्या माणसाला हा मुलूख प्रथमदर्शनी परका वाटतो. पैनगंगेचे वळण, सागाची राने, बंजारा तांडे, गोंड आणि कोलाम पाडे, आणि ह्या सगळ्यांवर नजर ठेवून असलेला माहूरचा गड. रेणुकामातेचे ठाणे, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर अशी तीन स्थाने जवळजवळ असल्याने वर्षभर भाविकांची रीघ असते. गडावरून उतरणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा विड्याची पाने कुटून केलेल्या तांबुलाचा प्रसाद असतो. माझ्या ख्रिस्ती ओठांनाही त्या तांबुलाने अनेकदा रंगवले आहे, हे मी येथे मोकळेपणाने सांगून टाकतो.

ह्याच तालुक्यातील एका लहान गावी आमची थोडीशी ख्रिस्ती कुटुंबे आहेत आणि पत्र्याच्या छपराचे एक प्रार्थनामंदिर आहे. गाव माहूर तालुक्यात, जिल्हा नांदेड, विधानसभेचा मतदारसंघ किनवट, आणि लोकसभेचा मतदारसंघ हिंगोली! हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांतील गावे त्या एका मतदारसंघात बांधली आहेत. खासदार कोण हे ह्या टोकाच्या माणसाला पुष्कळदा भिंतीवरच्या चित्रावरूनच कळते. त्यामुळे येथे मत दिले जाते ते बहुतेक वेळा चिन्हाला. शहरातील सुशिक्षित माणूस ह्याला अडाणीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्यावर विश्वास टाकायचा तर त्याच्या हाती कुणाची तरी ओळखचिठ्ठी हवी. चिन्ह ही ती ओळखचिठ्ठी.

त्या गावात दोन भाऊ राहत. थोरल्यांना सारे नाना म्हणत, धाकट्यांना अण्णा. नाना धनुष्यबाणाचे मतदार. ख्रिस्ती माणूस शिवसेनेकडे कसा, असे मला वसईकडील मंडळी आश्चर्याने विचारतात. नानांचे उत्तर साधे होते. पुष्कळ वर्षांपूर्वी बायकोला बाळंतपणात रात्री अडले, तेव्हा गावात आलेल्या सेनेच्या पोरांनी जीप मिळवून तिला दवाखान्यात पोहोचवले. "त्या रातीला कुणी जात विचारली नाही की देव विचारला नाही," एवढे म्हणून ते थांबत. अण्णा पंजाचे. शंकरराव चव्हाणांचे नाव ते अशा स्वरात घेत, की एखाद्याने वडिलांचे घ्यावे. धरणे, कालवे, पाणी असा तो सारा हिशेब असे. दोघांच्या शेतांत मिळून एक विहीर, विहिरीवर एक मोटार, आणि एकाआड एक दिवस पाळी.

हिंगोलीच्या राजकारणाची गंमत अशी, की २००९ साली तेथून शिवसेनेचे सुभाष वानखेडे निवडून आले. २०१४ साली काँग्रेसचे राजीव सातव ह्यांच्याकडून ते अवघ्या १,६३२ मतांनी पडले. ह्या दोन्ही वेळी नानांनी वानखेड्यांना मत दिले आणि अण्णांनी विरोधात. २०१९ साली तेच वानखेडे काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि समोर शिवसेनेने हेमंत पाटील ह्यांना उभे केले. आता अण्णा वानखेड्यांसाठी घरोघर फिरू लागले, आणि नाना त्याच वानखेड्यांविरुद्ध पारावर बसून बोलू लागले. दोघेही आपापल्या चिन्हाशी एकनिष्ठ होते, म्हणूनच दोघांवरही ही पाळी आली. पारावर एका सायंकाळी शब्दाने शब्द वाढला. अण्णा थोरल्या भावाला चारचौघांत बोलू नये ते बोलले. नानांनी दुसऱ्या दिवशी पाळी नसताना मोटार चालू केली. घरे एकमेकांना लागून, पण बोलणे बंद झाले.

१८ एप्रिलच्या सायंकाळी मी त्या प्रार्थनामंदिरात पाय धुण्याच्या विधीची तयारी केली. एवढ्याशा वस्तीत बारा माणसे जमवणे ही दर वर्षाचीच कसरत. दोन्ही भाऊ त्या बारांत नेहमी असत. त्या दिवशी नाना येऊन बसले आणि अण्णा आलेच नाहीत. त्यांची जागा रिकामी राहिली. तेव्हा अण्णांच्या पत्नी, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, त्या उठल्या आणि दिराच्या शेजारी जाऊन बसल्या. २०१६ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्या विधीत स्त्रियांनाही बसण्यास मुभा दिली होती, तरी आमच्या गावात तोवर कुणी स्त्री बसली नव्हती. मी नानांपुढे गुडघे टेकले. त्यांच्या टाचांच्या भेगांतून रानातली काळी माती निघता निघत नव्हती. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता, आणि तर्जनीवर सकाळची शाई होती. शेजारी मावशींच्याही बोटावर तीच. माझ्याही.

उपासना संपल्यावर मावशी पायरीशी थांबल्या. "फादर, तुम्ही मधी पडा. तुमचं दोघंबी ऐकतील," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "पुनरुत्थानाचा सण होऊ द्या. मी येतो. शब्द देतो."

त्या निवडणुकीत हेमंत पाटील विजयी झाले. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. दोघांनी एकत्र मते मागितली होती, पण मुख्यमंत्रिपदावरून दोघांचे फाटले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे एक शपथविधी झाला, जो चार दिवसही टिकला नाही. मग २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे ह्यांनी काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस ह्यांना बरोबर घेऊन शपथ घेतली. माहूरच्या त्या गावात ह्याचा अर्थ असा, की धनुष्यबाण आणि पंजा आता मुंबईत एका बाकावर बसले होते. युतीला म्हणून मत देणाऱ्या कित्येकांना तेव्हाच फसवणूक झाल्यासारखे वाटले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. शब्द प्रथम कुणी मोडला ह्याचा हिशेब लावायला बसले, तर तो २०२२ पाशी थांबत नाही. २०१९ पाशीही थांबत नाही. १९७८ साली वसंतदादा पाटील ह्यांचे सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा मी लहान होतो. पण वडीलधारी माणसे वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवताना जो चेहरा करीत, तो मला आठवतो.

त्या डिसेंबरात मी नानांना सहज म्हणालो, "आता तुमचे पक्षही एक झाले. तुम्ही दोघे कधी होणार?" नाना हसले. "वर झाले असतील," ते म्हणाले. मी त्या हसण्यावर समाधान मानले. वास्तविक त्याच संध्याकाळी मी दोघांना एका ओट्यावर बसवायला हवे होते. परंतु शाळेचे स्नेहसंमेलन होते, नाताळ होता, बोर्डिंगच्या मुलांचे प्रश्न होते. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अण्णा नांदेडच्या दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. दफनाला आम्ही मोजकी माणसे होतो. नाना लांब, बांधावर उभे होते. मी दिलेला शब्द दोन वर्षे माझ्या खिशात तसाच होता.

त्यानंतरचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. २० जून २०२२ रोजी विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले, तेथून गुवाहाटीला. २९ जूनला उद्धव ठाकरे ह्यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. ४ जुलैच्या विश्वासमताच्या वेळी सरकारच्या बाजूने १६४ मते पडली आणि विरोधात ९९. आमच्याच हिंगोली लोकसभा मतदारसंघातील कळमनुरीचे आमदार संतोष बांगर ह्यांची कथा तर घरोघर गेली. बंडखोरांनी परत यावे म्हणून ते लोकांसमोर रडले होते. ३ जुलैला अध्यक्षाच्या निवडणुकीत ते ठाकरे ह्यांच्या बाजूने होते. ४ जुलैच्या सकाळी ते शिंदे ह्यांच्या बाजूने होते. त्याच महिन्यात शिवसेनेच्या एकोणीसपैकी बारा खासदारांनी लोकसभेत आपला वेगळा नेता निवडला. त्या बारांत हिंगोलीचे खासदारही होते.

ह्या घटनेनंतर दोन-चार दिवसांनी, भर पावसात, नाना माझ्याकडे आले. इरले बाहेर निथळत ठेवले. काम होते पीकविम्याच्या कागदाचे. कागद पाहून झाला, चहा झाला, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "फादर, तुम्ही शिकलेले हायेत. एकच सांगा. मपलं मत आता कुठं हाय?"

मी त्यांना समजावू लागलो. पक्षांतरबंदीचा कायदा, दोन तृतीयांश, पक्षादेश, विधिमंडळ पक्ष. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला व्याख्या करण्याची सवय लावतात; ती अशा वेळी फार अंगलट येते. नानांनी सगळे ऐकून घेतले. "म्हंजे तिकडं गेलं," ते म्हणाले. "पर मी तर इथंच हाय."

२०१९ पासून मतदानयंत्राशेजारी एक कागदी चिठ्ठी दिसू लागली आहे. बटण दाबले की काचेमागे आपल्या उमेदवाराचे चिन्ह छापून येते, सात सेकंद थांबते, आणि खालच्या पेटीत पडते. मतदाराला आपले मत पाहायला मिळते ते एवढेच. बोटावरची शाई त्याहून अधिक टिकते. नख वाढेल तसतशी ती पुढे सरकत जाते आणि काही आठवड्यांत कापली जाते. नंतरची पाच वर्षे मतदाराच्या हाती काही नसते. आमदाराला वा खासदाराला परत बोलावण्याची सोय आपल्या घटनेत नाही.

त्या रात्री मी घटनेची प्रत काढून बसलो. खासदार जी शपथ घेतो, तिच्यात संविधानावरील निष्ठा आहे, देशाची एकात्मता आहे, कर्तव्य निष्ठापूर्वक पार पाडण्याची ग्वाही आहे. पक्ष नाही. मतदारही नाही. १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारने बावन्नावी घटनादुरुस्ती केली आणि दहावे परिशिष्ट जोडले, तेव्हा 'राजकीय पक्ष' हा शब्द घटनेत प्रथम शिरला. १९६७ साली हरियाणाचे आमदार गया लाल ह्यांनी भराभर पक्ष बदलले, आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग सगळ्या देशाला मिळाला. त्यावरचा हा उतारा होता. सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर ते फूट समजून माफ होत असे. २००३ सालच्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला संमती दिली तरच संरक्षण मिळते. किरकोळीला बंदी आणि घाऊकला मोकळीक, असे लोक थट्टेने म्हणतात. ह्या थट्टेत तथ्य आहे. एकट्याने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून पक्षादेश मोडला तर त्याचे पद जाते. टोळीने मोडला तर कायदा अदबीने बाजूला होतो. शिवाय कोण अपात्र हे ठरवायचे सभागृहाच्या अध्यक्षाने, आणि अध्यक्ष निवडायचा बहुमताने! सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले, की प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, आणि राज्यपालांनी विश्वासमत घ्यायला सांगणे समर्थनीय नव्हते. परंतु ठाकरे ह्यांनी मताला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांना पुन्हा बसवता येणार नाही. मग १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी निकाल दिला, की दोन्ही गटांतील कुणीच अपात्र नाही. सगळे पात्र! नानांच्या प्रश्नाचे उत्तर त्या निकालपत्रांत मी शोधत राहिलो. त्यांत पक्ष होता, गट होता, प्रतोद होता, चिन्ह होते.

पण पक्षादेश मोडणे हेच पाप, असे मला म्हणता येत नाही. माहूरच्या परिसरात राहणाऱ्याला तर ते मुळीच म्हणता येणार नाही. रेणुकेची कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. जमदग्नी ऋषींनी पुत्रांना आज्ञा केली, की मातेचा वध करा. थोरल्या पुत्रांनी नकार दिला आणि पित्याचा शाप पत्करला. धाकट्या परशुरामाने आज्ञा पाळली, आणि वर मागण्याची वेळ आली तेव्हा आईचे प्राण परत मागितले. आज्ञाधारकाचे कौतुक पुराणाने केले आहे. तरीही गडाच्या पायऱ्या चढताना माझे मन त्या थोरल्या भावांपाशी घुटमळते. त्यांनी रांग मोडली. त्यांना काय मिळाले? शाप. सदसद्विवेकाने मोडलेल्या आज्ञेची ओळख मला तेथे पटते. ज्याने मोडली त्याचे काहीतरी गेले पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, मुंबईच्या प्रश्नावर मतभेद झाला तेव्हा चिंतामणराव देशमुख ह्यांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्यावर कुणी विश्वासघाताचा आरोप केला असता, तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीनेच उत्तर दिले असते. आज्ञा मोडून ज्याला खुर्ची मिळते त्याचाही विवेक जागा असू शकतो, नाही असे नाही. पण त्याला तो सिद्ध करावा लागतो, आणि तो कुणापुढे? मतदारापुढेच.

हे लिहिताना मला माझ्या स्वतःच्या वचनाची जाणीव आहे. गुरुदीक्षेच्या दिवशी मी माझे दोन्ही हात बिशपांच्या हातांत देऊन आज्ञापालनाचे वचन दिले. दर वर्षी पवित्र सप्ताहात, तेले आशीर्वादित करण्याच्या मिस्सेत, आम्ही सारे धर्मगुरू ते वचन पुन्हा उच्चारतो. बिशपांशी माझे मतभेद झाले नाहीत असे नाही. एक बदली तर मला अजूनही पटलेली नाही. आमच्यातील काहींनी हे व्रत सोडलेही. त्यांच्यावर मी दगड उचलणार नाही. दोघे माझे जिवलग मित्र आहेत. पण एक फरक आहे. त्यांनी व्रत सोडले तेव्हा वेदीही सोडली, घरही सोडले. धर्मग्राम आपल्या बरोबर घेऊन कुणी गेला नाही.

गोव्यातील प्रसंग तर आम्हा धर्मगुरूंना अधिक बोचणारा आहे. २०१९ च्या जुलैत तेथे काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपत प्रवेश केला होता. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी, २२ जानेवारीला, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेले, आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. बांबोळीच्या त्या क्रुसापुढे मीही एकदा मेणबत्ती लावली आहे. निवडून आले अकरा. १४ सप्टेंबरला त्यांतील आठ जण भाजपत गेले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत ह्यांनी सांगितले, की आपण पुन्हा देवाकडे गेलो, विचारले, आणि तुला योग्य वाटेल ते कर असे देवाने सांगितले. लोक ह्यावर हसले. मला हसू आले नाही. देवाशी बोलणाऱ्या माणसाच्या आत काय चालते ह्यावर मी निवाडा देऊ शकत नाही. मात्र आमच्या धर्मसभेच्या कायद्यात नवसातून आणि शपथेतून मोकळीक देण्याविषयी जी कलमे आहेत, ती मला सेमिनरीपासून आठवतात. मोकळीक देता येते, पण दुसऱ्या कुणाला प्राप्त झालेल्या हक्काला तिने बाधा येता कामा नये. शपथ घेणारा आणि देव ह्यांच्यात काहीही ठरो, तिसरा माणूस तेथे उभा असेल तर त्यालाही विचारले पाहिजे. त्या दिवशी विचारायचे राहिले ते ह्या तिसऱ्याला.

विचारणे अशक्य असते असेही नाही. नारायण राणे ह्यांनी २००५ साली शिवसेना सोडली, राजीनामा दिला, काँग्रेसच्या वतीने मालवणातून पोटनिवडणूक लढवली आणि ते जिंकले. उदयनराजे भोसले ह्यांनी २०१९ साली साताऱ्याची खासदारकी निवडून आल्यावर काही महिन्यांतच सोडली, भाजपत गेले, पोटनिवडणूक लढवली आणि श्रीनिवास पाटील ह्यांच्याकडून पराभूत झाले. पुढे २०२४ साली त्याच साताऱ्याने त्यांना भाजपचे उमेदवार म्हणून निवडून दिले. एकाला होकार मिळाला, एकाला आधी नकार आणि मग होकार. मतदाराला काय वाटते हे विचारले गेले, एवढे पुरे आहे. कळमनुरीच्या मतदारांनी संतोष बांगर ह्यांना २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडून दिले. तेव्हा आमच्या एका तरुण धर्मगुरूने मला डिवचले, "मतदारालाच खटकले नाही, तर फादरला का खटकावे?" त्याचे म्हणणे मी मान्य करतो; त्या मतदारांनी क्षमा केली असेल, किंवा त्यांना ते पटलेच असेल. पण २०२२ च्या जुलैपासून २०२४ च्या नोव्हेंबरापर्यंतची दोन वर्षे आणि चार महिने त्यांना कुणी विचारले नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक बातमी आली. शंकररावांचे पुत्र अशोक चव्हाण ह्यांनी आमदारकीचा आणि काँग्रेसचा राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी भाजपत प्रवेश केला. आमदारकी सोडली ही गोष्ट चांगलीच. पण पुढची वाट राज्यसभेची होती, जिथे नांदेडच्या मतदाराचे बोट थेट पोहोचत नाही. त्या आठवड्यात मी गावात गेलो. नाना ओट्यावर बसले होते. त्यांना बातमी कळली होती. पुष्कळ वेळ ते भावाच्या बंद दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं, त्यानं हे बघितलं न्हाई."

मी २०२२ सालीच एका प्रवचनात यूदाचा दाखला देणार होतो. तीस नाण्यांचा उल्लेख केला असता तर माणसे डोलली असती. टिपण लिहून तयार होते. उपासनेच्या आदल्या रात्री मी ते फाडले, कारण मला पायरीशी उभ्या असलेल्या मावशी आठवल्या. माझ्या हातात नाणी नव्हती, मला कुणी सुरतेला नेले नव्हते. नुसते स्नेहसंमेलन आणि नाताळ ह्यांच्या गडबडीत मी दोन वर्षे काढली होती. त्या रविवारी मी पेत्रावर बोललो, आणि तेही फार थोडे. प्रवचनानंतर मावशींच्या घरी गेलो आणि माझा शब्द पाळला गेला नाही हे प्रथमच तोंडाने बोललो. त्या म्हणाल्या, "माहीत हाय, फादर. चहा घ्या." नाना शेजारच्या ओट्यावर होते. मी त्यांनाही हाक मारली. ते आले, पण बसले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, की विहिरीच्या पाळीत अण्णांच्या शेताचा दिवस आपण कधी चुकवला नाही, बोलणे नव्हते तेव्हाही, त्या एका दिवसाशिवाय. तो दिवस त्यांनी मोजून ठेवला होता.

२०२४ साली मतदान २६ एप्रिलला, शुक्रवारी होते. यंत्रावर आता दोन्ही चिन्हे होती. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले होते; ठाकरे गटाकडे मशाल होती. धनुष्यबाणावर हेमंत पाटील ह्यांचेच नाव आधी जाहीर झाले होते, पण ते मागे घेऊन बाबुराव कदम कोहळीकर ह्यांना उभे करण्यात आले. मशालीवर नागेश पाटील आष्टीकर होते, आणि पुढे तेच निवडून आले. सकाळी शाळेच्या आवारात मी रांगेत होतो. माझ्यापुढे काही माणसे सोडून मावशी आणि नाना होते, एकामागे एक. नाना आत गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. केंद्रावरील एक कर्मचारी उठून पडद्याकडे पाहू लागला. मग यंत्राचा लांब आवाज आला.

बाहेर आल्यावर मी त्यांना काही विचारले नाही. त्यांनीच बोट पुढे केले. शाई अजून ओली होती. "जुनं चिन्ह होतं, पर जुनी माणसं न्हवती," ते म्हणाले. "सात सेकंद नीट बघून घेतलं." कुठले चिन्ह बघितले ते त्यांनी सांगितले नाही. मावशी तोवर फाटकापर्यंत पोहोचल्या होत्या. नानांना घाई होती. विहिरीवर लाईट दोन वाजता येणार होती, आणि पाळी त्या दिवशी अण्णांच्या शेताची होती.